सातारा ते सांगली : चार दिवसांची सायकल आणि पोटाचं गणित

आदली संध्याकाळ, सातारा

या फेरीला फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा सगळ्यात सोयीचा. महाबळेश्वरला पहाटे बोचरी थंडी, आटपाडीकडे दुपारी चटका देणारं ऊन, कराडच्या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या आणि तासगावात द्राक्षांचा हंगाम, सगळं चार दिवसांत भेटतं. रोजचं अंतर सत्तर ते एकशे दहा किलोमीटर. पायांसाठी लोक महिनोन् महिने सराव करतात, पोटाचा विचार मात्र पोट बिघडल्यावर सुरू होतो.

लांबच्या सायकल प्रवासात पोट बिघडलं की खापर हॉटेलच्या पाण्यावर फुटतं. कधी कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा कारण दुसरंच निघतं: चढाच्या तोंडाशी भरपेट खाल्लेलं असतं, बाटलीत साखर जास्त घोळलेली असते, नाहीतर तीन तास काहीच न खाता चौथ्या तासाला एकदम दोन वडापाव खाल्लेले असतात. पदार्थ तोच, पण सपाटीवर पचतो आणि घाटात उलटतो. म्हणून रोजच्या रस्त्याचा चढउतार आधी बघायचा आणि खाणं त्यावर बसवायचं.

आदल्या रात्रीचं जेवण साधं हवं: भात, वरण, थोडी दुधी-दोडक्यासारखी भाजी, घरचं ताजं दही. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण 28 ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे दोन मोठ्या वाट्या भातातून ऐंशीएक ग्रॅम मिळतात. स्नायू आणि यकृत मिळून शरीरात 400 ते 500 ग्रॅम साठा मावतो, आणि उद्याच्या घाटात त्यातला बराचसा जाणार आहे. मटण, अख्खा मसूर, उसळी, कच्चा कांदा-काकडी या रात्री नको. तंतुमय आणि गॅस करणारं अन्न बारा-चौदा तासांनी आतड्यात असतं, म्हणजे नेमकं घाटात. आठच्या आत जेवण उरकावं.

जेवणानंतर पुड्या बांधायच्या. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा असेल तर उत्तम. 750 मिलीच्या एका बाटलीसाठी 30 ग्रॅम साखर, 20 ग्रॅम ग्लुकोज पावडर, 1 ग्रॅम मीठ (चहाच्या सपाट चमच्याचा पाचवा हिस्सा). लिंबू ऐनवेळी पिळायचं. हे मिश्रण साडेसहा-सात टक्क्यांचं होतं, पोटातून लवकर पुढे सरकतं. दहा टक्क्यांच्या वर गेलं की ते पोटात रेंगाळतं आणि आतडं उलट शरीरातलं पाणी ओढून घेतं. वाटेत लागणाऱ्या कळा आणि पातळ शौच यांचं हे ठरलेलं कारण. साखर आणि ग्लुकोज दोन्ही का, तर आतड्यातून ग्लुकोज आत घेण्याची वाट एका तासाला साधारण 60 ग्रॅमवर भरते. फ्रुक्टोजची वाट वेगळी आहे आणि साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. दोन्ही वाटा वापरल्या की सरावाने ताशी 90 ग्रॅमपर्यंत जाता येतं. सरावाने हे महत्त्वाचं. ज्याने आजवर ताशी 30 ग्रॅमच्या वर खाल्लेलं नाही त्याने या फेरीत एकदम 90 वर उडी मारू नये. आधीचे पाच-सहा रविवार लांब राइडला दर वेळी थोडं थोडं वाढवत न्यावं.

आता बाटल्या. बाटलीचं झाकण उघडून तोंडाची रबरी झडप बोटाने खेचून बाहेर काढा. बऱ्याच बाटल्यांत तिच्या खालच्या खाचेत काळसर, बुळबुळीत थर सापडतो. साखरपाण्यावर वाढलेली ती बुरशी असते, आणि बाहेरून बाटली कितीही चकचकीत दिसली तरी प्रत्येक घोट त्या थरावरून येतो. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन झडप, खाच आणि झाकणाचे आटे घासायचे, तासभर खायच्या सोड्याच्या पाण्यात ठेवायचं आणि झाकण उघडं ठेवून वाळवायचं. झडप निघत नसेल तर ती बाटली फक्त साध्या पाण्याला वापरा.

पहिला दिवस : सातारा – वाई – पसरणी घाट – महाबळेश्वर

साडेचारला उठायचं. कोमट पाणी, मग चहा, आणि शौचासाठी निवांत पाऊण तास. घाईत निघालं तर ही गरज पाचवडच्या आसपास डोकं वर काढते. पाचच्या सुमाराला नाश्ता: 70-80 ग्रॅम कोरडे पोहे भिजवून, कमी तेलात, दाणे जेमतेम, वर एक केळं. एवढ्यात 80 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं येतात. पासष्ट किलोच्या माणसाला दीड तास आधी इतकं पुरे. साताऱ्यात सकाळी मिसळीची हॉटेलं खुणावतात, पण कटातलं तेल पोट रिकामं व्हायला उशीर लावतं आणि तिखटाने घाटात छातीत जळजळ होते. मिसळ परतीच्या दिवसासाठी ठेवावी.

साडेसहाला निघालं की वाईपर्यंतचे पस्तीसएक किलोमीटर महामार्ग आणि मग पाचवड फाट्यावरून आत. रस्ता सोपा, गारवा छान, त्यामुळे खाण्याची आठवणच होत नाही. इथेच पहिलं चुकतं. खायला सुरुवात चाळीसाव्या मिनिटाला झाली पाहिजे, भूक असो वा नसो. अर्धं केळं, दोन खजूर किंवा एक राजगिऱ्याचा लाडू. मध्यम आकाराच्या एका खजुरात सहा-सात ग्रॅम, लाडवात दहा-पंधरा, केळ्यात पंचवीसएक ग्रॅम कर्बोदकं, असा ढोबळ हिशेब डोक्यात असला की पुरतो. वाईला पोचेस्तोवर 60 ते 70 ग्रॅम पोटात गेलेले हवेत. सपाटीवर पोटाला रक्त भरपूर मिळतं, म्हणून घाटासाठीचं इंधन घाटाआधीच, पण तुकड्या-तुकड्याने भरायचं.

वाईत थांबायचं ते वीस मिनिटं. एक केळं, थोडं पाणी, बाटल्या भरायच्या. गणपतीच्या घाटावर जाऊन आलात तरी चालेल, पण गरम भजीच्या प्लेटीवर बसू नका. इथून पसरणीचा घाट दहा-अकरा किलोमीटरचा आणि चढाई पाचशे मीटरहून जास्त. ताशी आठ-नऊच्या वेगाने सव्वा तास लागतो. एवढा वेळ मांड्या कष्टत असताना शरीर पोटाकडचं रक्त पायांकडे आणि कातडीकडे वळवतं. जोर फार लावला तर पोटाचा पुरवठा निम्म्याहून खाली जातो. अशा वेळी आत पडलेली भजी तशीच बसून राहते.

घाटात घन काही नाही. दर दहा मिनिटांनी दोन घोट, बस. जोर किती लावायचा हे बोलून तपासता येतं: सोबत्याशी एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. दर शब्दाला श्वास घ्यावा लागत असेल तर एक गिअर हलका करा. पुढच्या-मागच्या चकत्यांत हलका गिअर उरलाच नसेल तर थांबा आणि चाला. मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये (दातेरी चकत्यांच्या संचात) सर्वांत मोठी चकती 32 किंवा 34 दात्यांची असणं हा पोटाचाही उपाय आहे, हे सायकल घेताना कुणी सांगत नाही.

घाटात तीन तक्रारी वारंवार येतात आणि तिन्हींवर उपाय वेगळे. पोटात पाणी डुचमळतंय, फुगल्यासारखं वाटतंय, तर आधीचं प्यायलेलं पुढे गेलेलं नाही. पिणं थांबवा, जोर कमी करा, पंधरा मिनिटांनी फक्त साधं पाणी घोटघोट. आंबट ढेकर आणि छातीत जळजळ होत असेल तर सरळ होऊन बसा, हात हँडलच्या वरच्या बाजूला घ्या, कमरेचं इलॅस्टिक सैल करा. पुढे वाकून पोट दाबलं जातं तेव्हा आम्ल वर येतं. आणि मळमळीसोबत गार घाम, हातपाय कापरे, चिडचिड, डोळ्यांपुढे धूसर दिसत असेल तर ती साखर खाली गेल्याची खूण. तेव्हा मात्र थांबून 30-40 ग्रॅम लगेच चढणारी साखर घ्यायची (गुळाचा मोठा खडा किंवा ग्लुकोजचे तीन मोठे चमचे पाण्यात) आणि वीस मिनिटं सावलीत बसायचं. पहिल्या दोन तक्रारींत गूळ खाल्ला तर त्रास वाढतो. म्हणून मळमळ आली की पहिला प्रश्न एकच: शेवटचं कधी आणि किती खाल्लं?

पाचगणीला वर आल्यावर पोट लगेच उघडत नाही. दहा-पंधरा मिनिटं हलक्या पायाने पुढे जा, मग खा. भिलार-गुरेघरच्या पट्ट्यात स्ट्रॉबेरीचे स्टॉल लागतात. शंभर ग्रॅम स्ट्रॉबेरीत जेमतेम सात-आठ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे इंधन म्हणून ती फारशी कामाची नाही, पण गोडाने कंटाळलेल्या जिभेला आंबटपणा बरा वाटतो. फळ जमिनीलगत वाढतं, आपल्या बाटलीतल्या पाण्याने धुऊन घ्या. क्रीमचा ग्लास मुक्कामाला पोचल्यावर. अजून वेण्णा तळ्यापर्यंतचे चढउतार बाकी आहेत.

मुक्कामी पोचल्यावर पहिल्या तासात वजनाच्या दर किलोला एक ग्रॅम कर्बोदकं आणि वीसएक ग्रॅम प्रथिनं: वरण-भात आणि दोन अंडी, किंवा दूध आणि गूळपोळी. उद्याचा दिवस मोठा आहे आणि साठा पुन्हा भरायला आजची संध्याकाळच मिळते.

दुसरा दिवस : महाबळेश्वर – केळघर घाट – मेढा – सातारा – कराड

सकाळी थंडीत तहान लागत नाही, लघवी मात्र सारखी लागते. त्यामुळे दिवसाची सुरुवातच पाणी कमी असताना होते. एका बाटलीत कोमट पाणी भरून घ्या, थंडगार पाण्याचा घोट पहाटे कुणी घेत नाही.

केळघरचा उतार पोटासाठी या फेरीतला सर्वांत चांगला काळ. पाय मोकळे, नाडी खाली, म्हणजे पोटाला भरपूर रक्त. घन आणि जरा जड खायचं असेल तर ते उताराच्या माथ्यावर: तूप-गूळ लावलेल्या पोळीची सुरळी, उकडलेला बटाटा मीठ लावून. मेढ्याला पोचेस्तोवर ते निम्मं पचलेलं असतं. उतारावर हात ब्रेकवर हवेत, चालत्या सायकलवर पिशवी चाचपायची नाही. मेढ्यात गरम इडली मिळाली तर तीन-चार खा. एका इडलीत दहा-बारा ग्रॅम कर्बोदकं, तेल जवळजवळ नाही. ओल्या खोबऱ्याची चटणी सकाळी चालेल, पण अकरानंतर उघड्या पातेल्यातली नको. उन्हात ती फार लवकर आंबते.

साताऱ्यापासून कराडपर्यंत पन्नासएक किलोमीटर महामार्गाची बाजू: नागठाणे, अतीत, उंब्रज, तासवडे. मोठा ताप धुळीचा. उसाच्या ट्रॉल्यांमागून सांडलेला चोथा, जनावरांचं शेण, टँकरमधून गळालेलं पाणी, हे सगळं पुढच्या चाकाने उडतं आणि खालच्या नळीवरच्या बाटलीच्या तोंडावर बसतं. आपण तेच तोंड ओठांत धरतो. पोटात जंतू जाण्याचा हा सरळ रस्ता आहे आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं. टोपी असलेली बाटली घ्या, किंवा प्लॅस्टिकची छोटी पिशवी रबरबँडने तोंडावर बांधा. तेही नसेल तर पिण्याआधी दुसऱ्या बाटलीतल्या पाण्याची चिळकांडी मारून तोंड धुवा. खाण्याआधी हातांना साबण लावाच. सॅनिटायझर धूळ आणि घाम असलेल्या हातावर नीट काम करत नाही.

या पट्ट्यात उसाच्या रसाची गुऱ्हाळं आणि गाडे पावलोपावली. ताज्या रसात तेरा-चौदा टक्के साखर असते, आपल्या बाटलीच्या दुप्पट. सायकल चालवताना मोठा ग्लास एका दमात प्यायला की तासाभरात पोट गुडगुडतं आणि दोष रसाला जातो. अर्धा ग्लास रस, तेवढंच आपलं पाणी, लिंबू, चिमूटभर मीठ असं केलं तर तो उत्तम पेय आहे. बर्फ मात्र अजिबात नको. हा बर्फ बहुधा पिण्यासाठी बनवलेला नसतो, गोणपाटात गुंडाळून जमिनीवर ठेवलेला असतो. चरक आणि गाळणी धुतलेली आहे का, माशा किती आहेत, हे आधी बघा आणि मगच गाड्यासमोर उभे राहा.

दुपारचं जेवण ढाब्यावर. समोर शिजून, वाफ निघत असलेलं खायचं: साधा भात, डाळ कमी फोडणीची, तव्यावरून थेट ताटात आलेली चपाती. कापून ठेवलेला कांदा, लिंबाच्या फोडी, टेबलावरची चटणी बाजूला सारा. सकाळी शिजवून तसाच कोमट ठेवलेला भात दुपारी फोडणी देऊन आला तर तो धोक्याचा, कारण त्यात जिवाणूने तयार केलेलं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. दही पाकीटबंद. सुट्या ताकात कुठलं पाणी घातलंय कळत नाही. जेवण अर्धपोटीच ठेवायचं, उठल्यावर पहिली वीस मिनिटं गिअर हलका.

दुधाचा चहा दर टपरीवर घेणाऱ्यांना दुपारनंतर पोटात गॅस आणि घाईची शौच हा त्रास होतो. चहा सोडायची गरज नाही, दिवसात दोन-तीन कप ठीक. कोरा चहा लिंबू घालून त्याहून बरा.

कराडला संध्याकाळी प्रीतिसंगमावर पाय पसरून बसायला छान वाटतं. रात्रीच्या जेवणात इथला अख्खा मसूर नाकात घुमतो. खायचाच असेल तर वाटीभर, भाताबरोबर, सातच्या आत. उद्या ऊन आहे आणि फुगलेलं पोट उन्हात दुप्पट त्रास देतं.

तिसरा दिवस : कराड – कडेगाव – विटा – खानापूर – भिवघाट – आटपाडी

नव्वदच्या आसपास किलोमीटर, चढ फार मोठे नाहीत, पण पोटाची खरी परीक्षा आज. विट्याच्या पुढे झाडं विरळ होत जातात, वारा कोरडा लागतो, घाम कातडीवर दिसायच्या आत वाळतो. किती पाणी जातंय याचा अंदाज त्यामुळे चुकतो.

अंदाज घरी काढून यायचा. सायकल चालवण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. तासभर नेहमीच्या वेगाने उन्हात चालवा, किती मिली प्यालात ते लिहा, अंग पुसून पुन्हा वजन करा. घटलेलं वजन ग्रॅममध्ये अधिक प्यायलेलं पाणी मिलीमध्ये, एवढा तुमचा तासाचा घाम. समजा वजन 400 ग्रॅम घटलं आणि 500 मिली प्यालात, तर 900 मिली. सगळं भरून काढायचं नाही, पोट ताशी 600-800 मिलीच्या वर सहज घेत नाही. दिवसअखेर वजनाच्या दोन टक्क्यांपेक्षा जास्त घट होऊ नये, एवढं सांभाळायचं.

उलटा धोका तितकाच खरा. घाबरून दर पंधरा मिनिटांनी अर्धी बाटली साधं पाणी ढोसणाऱ्याच्या रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, गोंधळल्यासारखं बोलणं, ही त्याची लक्षणं. सोबत्यांना वाटतं याला पाणी कमी पडलंय, म्हणून ते आणखी पाणी पाजतात. वजन सकाळपेक्षा वाढलेलं असेल आणि लघवी पाण्यासारखी स्वच्छ असेल तर पाणी थांबवा, काहीतरी खारट द्या. बोलण्यात गोंधळ किंवा उलट्या असतील तर थेट दवाखाना.

घामातून लिटरमागे साधारण अर्ध्या ते एक ग्रॅमच्या आसपास सोडियम जातं, काहींचं त्याहूनही जास्त. ज्यांच्या काळ्या जर्सीवर पांढरे नकाशे उमटतात ते त्यांतले. एक ग्रॅम मिठात 400 मिलीग्रॅम सोडियम. म्हणजे आपल्या पुडीतलं एक ग्रॅम मीठ 750 मिलीला पुरेसं. पांढरे डाग पडणाऱ्यांनी दीड ग्रॅम करावं. त्याहून जास्त मीठ एकदम घेतलं तर उलटी होते.

ओआरएसची पुडी आजच्या पिशवीत हवीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. यात मीठ भरपूर आणि साखर थोडी, त्यामुळे जुलाब-उलटीत ते रामबाण, पण पाय चालवायला त्यातून इंधन मिळत नाही. पुडीवर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच घालायचं. लिटरची पुडी 750 मिलीत घोळली तर पोट आणखी बिघडतं. दुकानात मिळणारी गोड डबाबंद पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. पाकिटावरचे घटक वाचून घ्या.

उन्हात रक्त कातडीकडे जातं, म्हणजे पोटाला आणखी कमी उरतं. सकाळी कडेगावपर्यंत घन खाणं चालेल, विट्यानंतर द्रव आणि मऊ: बाटलीतलं मिश्रण, केळं, मीठ-लिंबू लावलेला बटाटा, पातळ साखरभात. चिक्की चविष्ट, पण दाण्यातलं तेल उन्हात नको. अकराच्या आत खानापूर गाठायचं, बारा ते तीन सावलीत काढायचे. वेग कमी ठेवण्याबद्दल कुरकुर होतेच, पण भिवघाटाच्या पुढे झुडपामागे दर दहा मिनिटांनी बसावं लागण्यापेक्षा ते बरं.

गोडाचा वीट येतो तो याच दिवशी. जीभ गोड नाकारते, मग माणूस खाणंच सोडतो आणि तासाभरात पाय जातात. त्यासाठी पिशवीत खारट हवंच: मुरमुरे, खारवलेले बटाटे, लोणच्याची एक फोड, आमसुलाचं पाणी.

पाणी शक्यतो सीलबंद किंवा उकळलेलं. गावात भरून घ्यावंच लागलं तर क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या मापाने टाका आणि किमान अर्धा तास थांबा. गढूळ पाणी आधी रुमालातून गाळा, गाळावर क्लोरीन खर्ची पडतं. साखर-लिंबू त्यानंतर, आधी घातलं तर गोळीचं काम बिघडतं.

गुडघे दुखायला लागतात म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी तोंडात टाकणारे पुष्कळ. रक्त कमी मिळालेल्या आतड्याच्या अस्तराला ही औषधं आणखी इजा करतात, आणि पाणी कमी असताना मूत्रपिंडावरही ताण येतो. सायकल चालवायच्या दिवसांत ती नकोतच. सीटची उंची बघा, बर्फाने शेका, रात्री गरज पडलीच तर पॅरासिटामॉल.

आटपाडीला डाळिंबं रसरशीत मिळतात. दाणे बियांसकट खाल्ले की तंतू पुष्कळ, म्हणून रात्री मूठभरच. जेवणात ज्वारीची भाकरी एखादी, बाकी भात. लघवीचा रंग झोपण्याआधी गव्हासारखा फिका झाला पाहिजे, गडद राहिला तर आणखी दोन ग्लास मीठ-लिंबूपाणी.

चौथा दिवस : आटपाडी – विटा – तासगाव – सांगली

तीन दिवसांनंतर गटात कुणाला ना कुणाला पहाटे जुलाब होतात. आज निघायचं की नाही, हे ठरवायला थर्मामीटर लागतो. ताप नाही, रक्त-आव नाही, उलटी नाही, दोनदा पातळ होऊन पोट शांत झालं, तर बहुधा कालच्या उन्हाचा आणि साखरेचा परिणाम. दोन तास ओआरएस, पेज, केळं घेऊन बघायचं, मग हळू निघायचं. ताप, रक्त, सतत उलटी, उभं राहताना भोवळ किंवा सहा-आठ तास लघवीच नाही, यांतलं एकही असेल तर सायकल गाडीत टाकून डॉक्टर गाठायचे. जुलाब थांबवणारी लोपेरामाइड प्रौढांसाठी आहे, पण ताप किंवा रक्त असताना ती घेऊ नये. जंतू आतच अडकून राहतात. त्या गोळीने जुलाब थांबले तरी गेलेलं पाणी-मीठ परत येत नाही, म्हणून तिच्या जोरावर शंभर किलोमीटर मारण्याचा विचार सोडावा. प्रतिजैविकं स्वतःच्या मनाने तर नाहीच नाही.

जेवल्यावर दोन-चार तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या तर बहुधा अन्नातलं विष. जुलाब दिवसा-दोन दिवसांनी आले तर जंतू वाटेत कुठेतरी आधीच गेलेला. आजच्या सकाळच्या टपरीला बोल लावण्याआधी परवा काय खाल्लं ते आठवा.

ज्यांची पोटं ठीक आहेत त्यांना आजचा रस्ता आनंदाचा. खानापूरवरून परत विटा, तिथून तासगावकडे वळलं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. द्राक्षात ग्लुकोज-फ्रुक्टोज जवळजवळ सारखं, पाणी भरपूर, म्हणून तासाला मूठ-दीड मूठ छान चालतं. पाव-अर्धा किलो एका बैठकीत खाल्ली की साल आणि साखर मिळून पोट सैल होतं. बागेत नुकतीच फवारणी झालेली असते, तोडून थेट तोंडात टाकायची नाहीत. दोन पाण्यांनी धुवा. तासगावचा बेदाणा त्याहून सोयीचा. 30 ग्रॅम बेदाण्यात वीस-बावीस ग्रॅम कर्बोदकं, खिशात चिकट होत नाही, उन्हात वितळत नाही. पुढच्या फेरीसाठी इथूनच किलोभर घेऊन ठेवावा, आणि लांब राइडला चावून चावून, घोटभर पाण्याबरोबर खायची सवय लावावी.

सांगलीत शिरताना भडंगाचा वास येतो तेव्हा हरकत नाही. तेल, लसूण, दाणे, तीन दिवस ज्याला नको म्हटलं ते सगळं त्यात आहे, आणि सायकल स्टँडवर लागल्यानंतर अर्ध्या तासाने ते खुशाल खावं. पोट भरून जेवण मात्र दोन तासांनी, आधी दही-भात. आतड्याचं अस्तर पूर्ववत व्हायला दिवसभर तरी लागतो. पहिल्याच रात्री तांबडा रस्सा ओरपणाऱ्यांना रात्र जागून काढावी लागते.

घरी गेल्यावर पुढचे दोन आठवडे लक्ष ठेवा. जिआर्डियासारखा परजीवी पाण्यातून गेला असेल तर त्रास आठवड्या-दोन आठवड्यांनी सुरू होतो: ताप नसतो, पण दुर्गंधी, तेलकट शौच, पोटफुगी, करपट ढेकर, आणि वजन हळूहळू उतरतं. फेरीला इतके दिवस झाले म्हणून कुणी त्याचा संबंध जोडत नाही. डॉक्टरांना प्रवासाच्या तारखा आणि कुठलं पाणी प्यालात ते सांगा, आणि शौचाची तपासणी करून घ्या. एका नमुन्यात परजीवी सापडला नाही तर वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावे लागतात.